बारा हंगाम चाललेला रायडिंग मोअर: देखभालीच्या नोंदी आणि माझ्या चुका

गवत्याकाका | १९ एप्रिल २०२५

ओहायोत कोलंबसच्या उत्तरेला आमचे घर आहे आणि घराभोवती दीड एकर जागा आहे. गावाकडे साठ गुंठ्यांत ऊस उभा राहिला असता. येथे आम्ही खत घालून गवत वाढवतो आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला ते कापून टाकतो. या कामासाठी २०१३ च्या वसंतात घेतलेला, ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पाती झाकणारे पत्र्याचे कवच) आणि एका सिलिंडरचा रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचे गवतकापणी यंत्र, अजून विनातक्रार चालतो आहे. गेल्या दसऱ्याला त्याच्या तासमापकावर ४१२ तास झाले होते. पहिल्या दिवसापासून मी एका शाळकरी वहीत त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत, आणि हा धागा त्या वहीवरूनच लिहीत आहे.

लिहिण्याचे निमित्त थोडे वाईट आहे. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका कुटुंबाने सहा वर्षांचा मोअर भंगारात काढला, कारण चालता चालता त्याचे इंजिन जाम झाले होते. तो नेण्यापूर्वी मी इंजिनावरचे पत्र्याचे आवरण उघडून पाहिले. सिलिंडरभोवतीच्या फिनांमधील (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कडांमधील) सगळ्या फटी वाळलेल्या गवताने आणि उंदराने आणून रचलेल्या कापसाने गच्च भरलेल्या होत्या. ते गवत इतके भाजलेले होते की बोटांनी दाबताच त्याची तपकीर झाली. त्या गृहस्थांनी दरवर्षी ऑइल बदलले होते, फिल्टर बदलले होते, पाती दुकानात नेऊन धार लावून आणली होती. आवरण मात्र एकदाही उघडले नव्हते, कारण त्याखाली काही पाहण्यासारखे असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

वर्षाचे ८,७६० तास असतात आणि त्यांपैकी माझा मोअर जेमतेम पस्तीस तास चालतो. बाकीचा सगळा वेळ तो गॅरेजमध्ये उभा असतो. त्यामुळे चालून झिजण्यापेक्षा उभ्या उभ्या खराब होणे आणि चालताना श्वास कोंडून तापणे या दोन गोष्टींनीच ही यंत्रे बहुधा मरतात, असे माझे ठाम मत झाले आहे. ऑइल कोणत्या कंपनीचे घालावे यावर आपण तासन्‌तास वाद घालू शकतो, परंतु त्याने आयुष्यात जो फरक पडेल तो या दोन गोष्टींपुढे किरकोळ आहे.

आधी तापण्याविषयी लिहितो. मोटारीच्या इंजिनाभोवती पाणी फिरते, येथे फक्त हवा फिरते. फ्लायव्हीलवर बसवलेला पंखा वरच्या जाळीतून हवा ओढतो आणि आवरणाच्या आतून ती फिनांवर फेकतो. आपण गवत कापत असताना हवेत तूस उडत असते आणि तेही याच वाटेने आत जाते. जाळी वरून स्वच्छ दिसली म्हणून आतले सगळे स्वच्छ आहे असे समजू नये. माझ्या इंजिनाचे आवरण मोजक्या बोल्टांवर बसलेले आहे. दर पाडव्याच्या सुमारास मी ते काढतो, जुन्या रंगाच्या ब्रशने फटी मोकळ्या करतो आणि मग हवेचा झोत मारतो. ब्रश आधी फिरवावा, कारण घट्ट बसलेले गवत नुसत्या हवेने निघत नाही आणि उलट आणखी खोल जाते. कार्ब्युरेटरचे तोंड उघडे राहणार असेल तर त्यात स्वच्छ फडके कोंबावे आणि काम झाल्यावर ते आठवणीने काढावे.

याच कारणासाठी गवत कापताना थ्रॉटल (इंजिनाची गती ठरवणारा दांडा) पूर्ण ठेवावा. दांड्याच्या एका टोकाला ससा आणि दुसऱ्या टोकाला कासव रंगवलेले असते. लहानपणापासून कासवाचे कौतुक ऐकलेले असल्यामुळे पहिली दोन वर्षे मी इंजिनाला त्रास नको म्हणून दांडा मधोमध ठेवत होतो. पंखा इंजिनाच्याच गतीने फिरतो, त्यामुळे गती कमी केली की वाराही कमी होतो, मात्र गवताचा भार तेवढाच राहतो. शिवाय पात्यांचा वेग घटून गवत कापले जाण्याऐवजी फाटते. वेग कमी हवा असेल तर चाकांचा कमी करावा, इंजिनाचा नव्हे.

ऑइलच्या बाबतीत पुस्तिका सांगते तेच मी करतो. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल ५ ते ८ तासांनी बदलले, आणि त्यानंतर दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, यांपैकी जे आधी येईल ते. माझ्या इंजिनात साधारण दीड लिटर ऑइल बसते. उन्हाळ्यात साधे एसएई ३० चालते. १०डब्ल्यू-३० घातल्यास कडक उन्हात ते जास्त जळते, म्हणून पातळी वारंवार पाहावी लागते. इंजिन थोडे गरम असतानाच ऑइल काढावे, म्हणजे गाळ तळाशी न बसता त्याच्याबरोबर निघून जातो. कमी ऑइलाची भीती सर्वांनाच असते, पण जास्त झालेल्या ऑइलाकडे फारसे कोणी पाहत नाही. ते इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचते, फिल्टर भिजतो आणि इंजिन निळा धूर सोडू लागते. एकदा मी उतारावर उभ्या असलेल्या मोअरची ऑइल मोजायची दांडी पाहून अर्धी बाटली जास्त ओतली होती. नवा फिल्टर आणावा लागला तेव्हा सपाट फरशीचे महत्त्व कळले.

पात्यांना मी हंगामात तीनदा धार लावतो. प्रथम स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधतो, मगच डेकखाली हात घालतो. पाते चिमट्यात आवळून कारखान्यात दिलेल्या कोनातच कानस मारावी. धार वस्तऱ्यासारखी करू नये, कारण पातळ धार पहिल्याच खड्याला दुमडते. नंतर पात्याच्या मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर ते आडवे टांगून पाहावे. एखादे टोक खाली झुकले तर त्या बाजूचे थोडे लोखंड आणखी काढावे. हे पाच मिनिटांचे काम टाळले तर असमतोल पात्याचा थरथराट थेट स्पिंडलच्या (पाते ज्यावर फिरते त्या आसाच्या) बेअरिंगमध्ये जातो, आणि मग बेअरिंगपायी एक शनिवार जातो. धार गेली आहे की नाही हे पात्यापेक्षा गवतावरून लवकर ओळखता येते. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी गवताची टोके पांढरट आणि पिंजलेली दिसली की कानस काढावी.

डेक तिरका कापतो अशी तक्रार असेल तर आधी टायरमधील हवा मोजावी. माझ्या यंत्राला पुढे १४ आणि मागे १० पीएसआय हवा लागते. मागचा एक टायर बसलेला असताना डेकचे बोल्ट फिरवत बसण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. हवा सारखी असेल तर डावी आणि उजवी बाजू एका पातळीत आणावी, आणि पात्याचे पुढचे टोक मागच्यापेक्षा पाव इंचाच्या आत, किंचित खाली ठेवावे.

आता उभे राहण्याविषयी. दसऱ्याला घरात यंत्रांची पूजा होते, त्या दिवशी मोअरला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळते, आणि नंतरच्या शनिवार-रविवारी त्याची हिवाळ्याची तयारी होते. ओहायोत तोपर्यंत गवताची वाढ मंदावलेली असते, त्यामुळे मुहूर्त चांगला जुळतो. येथील पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी पुरेसे झाले की इथेनॉल व पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत हाच थर हिवाळाभर राहिला तर एप्रिलमध्ये जेट बुजलेले सापडते. टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारे औषध) घातल्यानंतर इंजिन दहा मिनिटे चालवणे आवश्यक आहे, कारण औषध टाकीत असून उपयोग नाही, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचले पाहिजे. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल काही पंपांवर स्वस्त मिळते. ते मोअरमध्ये घालण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून नळी उचलण्यापूर्वी पंपावरची पाटी वाचावी.

बॅटरी मी घरात आणून देखभाल-चार्जरवर ठेवतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी आमच्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे सात अंशांच्या आसपासही गोठून फुटू शकते. सायलेन्सरच्या तोंडाला आणि जाळीभोवती उंदरांसाठी स्टीलवूल लावतो, आणि ते काढल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये म्हणून किल्ली त्याच स्टीलवूलला दोऱ्याने बांधून ठेवतो.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

डॅलसचा_धुरळा | १९ एप्रिल २०२५

काका, लेख आवडला. टेक्सासमध्ये आमचा हंगाम मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत लांबतो आणि बर्म्युडा गवताखालची जमीन उन्हाळ्यात भेगाळून तिची पूड होते, त्यामुळे तुमच्याकडे जी जागा आवरणाची आहे ती आमच्याकडे एअर फिल्टरची आहे. बाहेरचा स्पंज मी दर दोन-तीन वेळा कापून झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुतो आणि पूर्ण वाळल्यावरच बसवतो. आतला कागदी फिल्टर मात्र धुवू नये आणि त्यावर कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि मग फिल्टर स्वच्छ दिसत असूनही धूळ सिलिंडरमध्ये जात राहते. हलक्या हाताने आपटून धूळ झाडावी, आणि प्रकाशासमोर धरल्यावर उजेड दिसेनासा झाला की तो बदलावा.

दुसरी गोष्ट कुंभारीण माशीची. दोन वर्षांपूर्वी माझा मोअर वीस मिनिटे उत्तम चालून बंद पडायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू व्हायचा. मी प्लग बदलला, इंधनाचा फिल्टर बदलला, कॉइलवर संशय घेतला. शेवटी बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण सैल केले, तेव्हा हवा आत ओढल्याचा स्पष्ट आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झाले. झाकणातले हवेचे बारीक छिद्र त्या माशीने मातीने लिंपून टाकले होते. टाकीत पोकळी तयार झाली की पेट्रोल खाली उतरत नाही. हा तपास फुकट आहे, म्हणून तो सर्वांत आधी करावा.

हंटरडनकर | २० एप्रिल २०२५

नमस्कार. मी न्यू जर्सीत तीन एकरांच्या जागेवर नुकताच राहायला आलो आणि आधीच्या मालकाकडून एक जुना मोअर मिळाला. इंजिन एका सिलिंडरचे, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे आहे. किल्ली फिरवली की सेल्फ अर्धा फेरा घेतो आणि भिंतीला धडकल्यासारखा थांबतो. कधीकधी तीन-चार प्रयत्नांनंतर सुरू होते आणि एकदा सुरू झाले की सुरेख चालते. मी नवी बॅटरी घातली, नंतर नवा स्टार्टर बसवला, तरी फरक पडला नाही. येथील एका दुरुस्तीच्या दुकानाने इंजिनच बदलण्याचा सल्ला दिला असून त्याची किंमत मोअरच्या निम्म्याहून अधिक आहे. सुरू झाल्यावर इतके चांगले चालणारे इंजिन खरोखर गेलेले असू शकते का?

तासगावचा_बंडू | २० एप्रिल २०२५

मी मोअर कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आमच्याकडे द्राक्षबागेचे छोटे ट्रॅक्टर आणि विहिरीवरची जुनी डिझेल इंजिने दुरुस्त करण्याचा व्यवसाय आहे. परंतु हंटरडनकरांचे वर्णन वाचून एक शंका आली. आमच्या जुन्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना वरचा डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून धरावा लागतो. त्यामुळे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि हँडल हलके फिरते, मग वेग आला की खटका सोडायचा. खटका न दाबता हँडल मारले तर ते अर्ध्या फेऱ्यातच अडते, अगदी तुम्ही लिहिले आहे तसेच. तुमच्या इंजिनात असा काही खटका असतो का, आणि असल्यास तो कोण दाबतो?

गवत्याकाका | २० एप्रिल २०२५

बंडूशेठ, तुम्ही तासगावात बसून बरोबर ठिकाणी बोट ठेवले. असा खटका असतो, फक्त तो माणसाला दाबावा लागत नाही. कॅमशाफ्टवर एक लहानसा उंचवटा असतो, जो इंजिन हळू फिरत असताना एक व्हॉल्व्ह केसभर उचलून धरतो आणि वेग वाढला की वजनाच्या जोराने आपोआप बाजूला होतो. हा उंचवटा फारच थोडा असतो. टॅपेटमधील फट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधील मोकळी जागा) वापराने वाढली तर तो उंचवटा ती फट भरून काढण्यातच खर्ची पडतो, व्हॉल्व्ह उचललाच जात नाही, आणि बिचारा स्टार्टर पूर्ण दाबाविरुद्ध झगडत राहतो. सुरू झाल्यानंतर या यंत्रणेचे कामच नसल्यामुळे इंजिन सुरेख चालते. या एका लक्षणापायी किती चांगल्या बॅटऱ्या आणि स्टार्टर बदलले जात असतील याचा हिशेब नाही.

हंटरडनकर, इंजिन बदलू नका, टॅपेट तपासा. इंजिन थंड असावे. स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्हवरचे झाकण काढा. प्लगच्या भोकातून एक बोथट लाकडी काडी आत सोडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन वर आणा. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन वर आला पाहिजे, नसेल तर एक फेरा आणखी द्या. त्यानंतर पिस्टन पाव इंच खाली उतरेपर्यंत फ्लायव्हील चालण्याच्या दिशेने पुढे न्या, म्हणजे तो डीकॉम्प्रेशनचा उंचवटा व्हॉल्व्हपासून दूर होतो. नेमके वरच्या टोकाला मोजाल तर माप चुकेल. आता फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पानांच्या मापाने) रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधील फट मोजा. माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत इनटेकसाठी ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्टसाठी ०.००५ ते ०.००७ इंच दिले आहे. तुमच्या इंजिनाचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून ते स्वतंत्र शोधावे लागतील.

त्यासाठी सीटखालचा मोअरचा क्रमांक उपयोगी पडत नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे इंजिन असेल तर त्याच्या आवरणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. सुटे भाग आणि मापे त्यांवरूनच मिळतात. कोडचे पहिले सहा अंक वर्ष, महिना आणि दिवस असतात, त्यामुळे जुन्या मालकाने मोअरचे वय किती सांगितले होते हेही तपासता येईल.

शार्लटवरून | २१ एप्रिल २०२५

डेक धुण्याविषयी कोणी लिहिले नाही. माझ्या मोअरच्या डेकवर पाण्याची नळी जोडण्याचे तोंड कारखान्यातूनच दिलेले आहे. गवत कापून झाले की नळी जोडायची, पाती दोन मिनिटे फिरवायची, की डेक आतून स्वच्छ. नॉर्थ कॅरोलायनाच्या दमट हवेत हे केले नाही तर गवताचा थर दगडासारखा बसतो. सात वर्षांत डेकला गंज नाही.

गवत्याकाका | २१ एप्रिल २०२५

येथे माझा मतभेद आहे, आणि तो पैसे मोजून आलेला आहे. तिसऱ्या वर्षी मी प्रेशर वॉशरने डेक वरून-खालून धुतला होता. डेक नव्यासारखा चमकला आणि त्याच हंगामाच्या अखेरीस डावे स्पिंडल किंचाळू लागले. उघडल्यावर बेअरिंगमधून ग्रीसऐवजी कॉफीच्या रंगाचे पाणी आले. आता मी प्रत्येक वेळी कापून झाल्यावर लीफ ब्लोअरने पट्ट्याच्या बाजूचे कोरडे गवत उडवतो, आणि धार लावण्यासाठी पाती काढली की डेकचा खालचा भाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतो. ओले गवत कापायचे टाळले तर थर मुळात कमी बसतो. तुमच्या नळीच्या तोंडाने आतूनच पाणी जाते, ते प्रेशर वॉशरइतके घातक नाही हे मान्य आहे. परंतु नंतर पाती आणखी काही मिनिटे फिरवून सगळे वाळवावे आणि गरम इंजिनावर किंवा विजेच्या क्लचवर पाणी जाऊ देऊ नये.

स्पिंडलला ग्रीसचे निपल आहे की नाही हेही पाहून ठेवावे. काहींची बेअरिंगे सीलबंद असतात, त्यांना ग्रीस देण्याची सोयच नसते. ज्यांना निपल आहे त्यांना गनचे दोन-तीन दाब पुरेसे होतात.

शार्लटवरून | २१ एप्रिल २०२५

कॉफीच्या रंगाचे पाणी वाचून पोटात गोळा आला. या शनिवारी स्पिंडल हाताने फिरवून पाहीन.

पिट्सबर्गची_चढण | २२ एप्रिल २०२५

आमच्या अंगणात सपाट अशी जागा ड्राइव्हवेचीच आहे. मोअरचा गिअरबॉक्स हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चाके फिरवणारा) आहे आणि हल्ली अर्ध्या तासानंतर चढावर त्याची ताकद जाते. थंड असताना तो व्यवस्थित चढतो. त्याचे ऑइल बदलावे म्हटले तर निचऱ्याचा बोल्ट सापडत नाही.

गवत्याकाका | २२ एप्रिल २०२५

हलक्या मोअरमधील बऱ्याच हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्सना निचऱ्याचा बोल्ट नसतोच. गरम झाल्यावर ताकद जाणे हे आतले ऑइल पातळ झाल्याचे आणि पंपाची झीज सुरू झाल्याचे लक्षण असते. प्रथम पट्टा सैल झाला आहे का ते पाहा, कारण घसरणारा पट्टाही असेच लक्षण दाखवतो. मग मागचे चाक काढून गिअरबॉक्सवरचा छोटा प्लास्टिकचा पंखा तपासा. त्याची पाने तुटलेली असतात किंवा त्याखालच्या फिना गवताने भरलेल्या असतात, आणि ते कोणाच्या नजरेस पडत नाही. तरीही फरक पडला नाही तर गिअरबॉक्स खाली उतरवून, उलटा करून ऑइल काढावे लागेल. नवे ऑइल भरल्यावर मागची चाके उचलून बायपासचा (चाके मोकळी करणारा) दांडा उघडा ठेवायचा आणि पुढे-मागे असे अनेकदा करून आतली हवा काढून टाकायची. आणि मोअर ढकलायचा असेल तेव्हा तो दांडा ओढल्याशिवाय ढकलू नये.

१५ अंशांपेक्षा जास्त उतारावर रायडिंग मोअर नेऊच नये, आणि त्यापेक्षा कमी असेल तेथेही वर-खाली चालवावा, आडवा नव्हे. तुमच्या अंगणाचा एक भाग हातमोअरवर सोडला तर गिअरबॉक्सही वाचेल आणि तुम्हीही.

विस्कॉन्सिनचा_बर्फ | २३ एप्रिल २०२५

मागचे चाक काढण्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. जॅकवर उचललेल्या मोअरखाली कधीही हात घालू नये. दोन्ही बाजूंना जॅकस्टँड लावावेत आणि पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे द्यावेत. विटांचा मनोरा चालत नाही, वीट अचानक फुटते.

माझ्याकडे शेजारच्या आजोबांनी दिलेला जॉन डिअर ११० आहे. १९६३ साली येथीलच होरिकॉन गावात तयार होऊ लागलेल्या त्या मालिकेतला तो आहे. त्याच्या कोहलर इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, कनेक्टिंग रॉडच्या टोकाने उडवलेल्या ऑइलवरच ते चालते, म्हणून दर २५ तासांनी ऑइल बदलतो. एवढी वर्षे टिकण्याचे रहस्य विचारल्यावर आजोबांनी गॅरेजच्या भिंतीकडे बोट दाखवले. तेथे खडूने तारखा आणि तास लिहिलेले होते.

एडिसनची_बाल्कनी | २३ एप्रिल २०२५

बॅटरीवरचा मोअर घेतला तर ऑइल, प्लग, कार्ब्युरेटर, उंदीर हा सगळाच प्रश्न मिटतो ना?

गवत्याकाका | २३ एप्रिल २०२५

पहिल्या तिघांचा मिटतो, उंदरांचा मिटत नाही. त्यांना वायरी कुरतडायला आवडतात. पाती, स्पिंडल, डेक आणि टायर सारखेच राहतात. बॅटरीच्या मोअरसाठी कोणी अनुभवी व्यक्तीने वेगळा धागा काढला तर मी आनंदाने वाचीन.

हंटरडनकर | २७ एप्रिल २०२५

काका आणि बंडूशेठ, दोघांचे मनापासून आभार. काल सकाळी झाकण उघडले. माझ्या इंजिनाच्या क्रमांकावरून मापे शोधली, ती काकांनी दिलेल्या आकड्यांशी जुळली. एक्झॉस्टची फट ०.००६ इंच, म्हणजे ठीक होती. इनटेकच्या फटीत मात्र माझ्या गेजचे ०.०१२ चे पान सहज गेले. मध्यभागी असलेला लॉकचा स्क्रू सैल करून नट फिरवला, ०.००४ वर आणला आणि स्क्रू पुन्हा आवळला. आवळताना फट बदलते, म्हणून हे तीनदा करावे लागले. झाकणाचे गॅस्केट फाटले होते, ते चार डॉलरला मिळाले. किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन असे फिरले की बायकोने खिडकीतून डोकावून नवा मोअर आणला का असे विचारले.

कोडवरून असे दिसते की हे इंजिन २००९ चे आहे. जुन्या मालकाने मला २०१५ सांगितले होते. आता एकच प्रश्न राहिला. ही फट पुन्हा कधी तपासावी?

तासगावचा_बंडू | २७ एप्रिल २०२५

आमच्याकडे टॅपेट एकदा बसवल्यावर थोडे चालवून पुन्हा एकदा पाहतात, कारण नवा आवळलेला नट पहिल्या काही तासांत हलला तर हलतो. तुमचा जुना स्टार्टर टाकून देऊ नका, तो बहुतेक चांगलाच असेल.

गवत्याकाका | २७ एप्रिल २०२५

बंडूशेठ म्हणतात त्याप्रमाणे पाच-सहा तासांनंतर एकदा पाहा, आणि पुढे दरवर्षी आवरण उघडाल तेव्हाच ती फटही मोजा. तासमापकाचा आजचा आकडा आणि दोन्ही फटींची मापे झाकणाच्या आतल्या बाजूला नको, तेथे ऑइलने पुसली जातात. सीटखाली पत्र्यावर मार्करने लिहा.

हंटरडनकर | २८ एप्रिल २०२५

लिहिले. ६३१ तास, इनटेक ०.००४, एक्झॉस्ट ०.००६. सीट उचलल्यावर तेथे उंदराचे घरटेही सापडले, त्यामुळे आज संध्याकाळी फ्लायव्हीलवरचे आवरण उघडतो आहे.